बंद कोणं केलं?

अख्ख्या वाशिम जिल्ह्यात मेलेल्याच्या छातीला कान लावून "मेला नाई, रुसला हाये," असं ठणकावून सांगणारा एकच माणूस असेल, आणि तो म्हणजे आमचे भाऊजी. मेलेला म्हणजे माणूस नव्हे हो, इंजिन. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. माणसांशी जन्मभर खेकसून बोलले आणि इंजिनाशी मात्र अहो-जाहो. "उठा आता, लय झोप झाली," असं विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला म्हणायचं, आणि त्याच दमात शेजारी उभ्या मालकाला "सरक बे तिकडं, उजेड नोको आडवू," असा त्यांचा खाक्या. मालकानं मान खाली घालून सरकायचं. कारण बिघडलेलं इंजिन आणि बिघडलेले भाऊजी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कोणाला परवडणार?

त्यांची तपासणी नाडीच्या वैद्यासारखी. आधी वास, मग धूर, मग कान. धुराच्या त्यांनी जाती लावून ठेवल्या होत्या. पांढरा धूर म्हणजे अंगात ऊब नाही. काळा म्हणजे खादाड, घास मोठा आणि चावणं कमी. निळा म्हणजे बेवडा, डिझेल सोडून ऑइल प्यायला लागला. आमच्या घरी पाहुणा आला की भाऊजी त्याच्याकडे बघत मला हळूच सांगायचे, "वैनी, काया धूर हाये, भाकरी जास्त टाका." कान लावायला त्यांना लाकूड लागे, आणि सगळ्या घरात त्यांच्या पसंतीला उतरलेलं लाकूड एकच, माझी ताक घुसळायची रवी. रवीचं बोंड इंजिनाच्या पोटाला टेकवायचं, दांडा कानात खुपसायचा, आणि डोळे मिटून असे उभे राहायचे की बघणाऱ्याला वाटावं आता ह्यांच्या अंगात येणार. तशीच रवी पुन्हा आणून खुंटीला अडकवायची. आमच्या ताकाला कित्येक वर्षं डिझेलचा वास होता. नवी माणसं विचारत, "फोडणी कायची हाय बाप्पा?" मी म्हणे, "भाऊजींची."

पण त्यांचं खरं औषध होतं एक प्रश्न. कोणी येऊन सांगितलं की भाऊ, इंजिन चालू होत नाही, तर ते कधीच विचारत नसत की काय झालं, कधीपासून. ते विचारत, "आधी सांगा, बंद कोणं केलं?" त्यांचं म्हणणं असं की चालू न होण्याचा आजारच नसतो, आजार असतो तो बंद होण्याचा. ज्यानं शेवटचं बंद केलं त्याच्या मनात त्या वेळी काय होतं ते कळलं की अर्धं काम झालं. केनवडच्या एका चक्कीवाल्याचं इंजिन असंच अडून बसलं. भाऊजींनी पाना हातात घ्यायच्या आधी चक्कीवाल्याच्या बायकोला हाक मारली. "काहून वो, तुमीच बंद केलं ना?" बाई लाजली. नवरा चहाच्या टपरीवरून जेवायला येतच नव्हता, म्हणून तिनं टाकीखालची डिझेलची तोटी गुपचूप फिरवून ठेवली होती. भाऊजी चक्कीवाल्याला म्हणाले, "जा, घरी जाऊन जेव." तो जेवून आला तोवर तोटी उघडली होती आणि इंजिन एका हँडलात चालू. तेव्हापासून चार गावांत भाऊजींना काही तरी येतं अशी बोलवा झाली. रिठदला मात्र फजिती झाली. तिथं दोन भावांचं मळणीयंत्र बंद होतं आणि दोघांचा अबोला होता. भाऊजींनी निदान केलं की भांडणात बंद केलंय, तेव्हा दोघांनी एकाच हँडलाला हात लावल्याशिवाय ते उठणार नाही. सगळी दुपार दोघे भाऊ घाम गाळत हँडल मारत राहिले. शेवटी कळलं की टाकीत डिझेलच नव्हतं. पण अबोला सुटला हो. दोघे मिळून भाऊजींना शिव्या देत होते.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखंच होतं, धरण भरेपर्यंत.

आमचं जुनं गाव धरणात गेलं. मोबदला, नवी घरं, रुंद रस्ते, सगळं मिळालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या दिवशी वावरातून शेवटचं निघायचं होतं त्या दिवसाचं सांगते. आमच्या विहिरीवर भाऊजींचं इंजिन चालू होतं. सकाळपासून त्यांनी ते चालूच ठेवलं होतं. पिकं काढून झालेली, पाणी कोणाला नको होतं, पाटानं वाहून उगीच ओसाड वावरात जात होतं. ट्रॅक्टर येऊन उभा राहिला, इंजिन उचलून न्यायचं होतं. भाऊजी म्हणाले, "मी नाई बंद करत," आणि विहिरीवरच्या कडुनिंबाच्या मागं जाऊन पाठ करून बसले. कोणाची हिंमत होईना. तेव्हा माझी धाकटी जाऊ, म्हणजे भाऊजींची बायको, पुढं झाली. जरा वाकली. आणि इंजिन बंद पडलं. मी मागे उभी होते. मला तिची पाठ दिसली तेवढीच.

नव्या गावात तिला एक वर्षही लाभलं नाही. साधा ताप आला आणि गेली. भाऊजी तिच्याबद्दल कधी बोलले नाहीत. रडलेही नाहीत. इंजिन पडवीत ताडपत्रीखाली पडून होतं, त्यालाही त्यांनी हात लावला नाही. दुसऱ्यांची इंजिनं दुरुस्त करत राहिले, फक्त तो प्रश्न विचारायचा मात्र सोडून दिला.

मग धरणाच्या पाण्यात मासेमारीची सोसायटी झाली. तिच्या चेअरमननं कुठून तरी एक मोठी लोखंडी नाव आणली. नावेच्या पोटातच इंजिन बसवायची जागा, खालून दांडा जाऊन मागं पाण्यात पंखा. इंजिन मात्र नव्हतं. भाऊजी आपणहोऊन म्हणाले, "माहं घ्या." मालेगावहून वेल्डर आणून ते विहिरीचं इंजिन त्यांनी नावेत बसवलं. गिअर वगैरे काही नाही. इंजिन फिरलं की पंखा फिरणार, सरळ हिशोब. आमच्या भागात नाव कोणी पाहिली होती? सगळं गाव काठावर जमलं. भाऊजींनी नावेचा दोर सोडला, हँडल मारलं. फस्. पुन्हा मारलं. फस्. दिवस गेला, दोर पुन्हा बांधला.

त्यानंतर रोज तेच. डिझेल गाळून भरलं. नळीत अडकलेली हवा काढली. नोझल सोडवून बाहेर पिचकारी मारून पाहिली, ती तर चर्र करून उडे. दम कमी येतो म्हणाले, म्हणून वॉल म्हणजे आतल्या झडपा घासल्या, रिंगा बदलल्या. ती हवा आत घेणारी वाकडी नळी तेवढी रोज जशीच्या तशी काढून बाजूला ठेवायची, वरून फडक्यानं पुसायची आणि जशीच्या तशी लावायची. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, हिच्यात पाहा ना." तर म्हणाले, "हवेत काय पाहाचं वैनी? हवा का बिघडते काय?" आणि धूर तर नाहीच. पांढरा नाही, काळा नाही, निळा नाही. ह्याचीच त्यांना धास्ती बसली. "आजारी असतं तं धूर आला असता," म्हणाले. "हे श्वासच घेऊन नाई राह्यलं."

आणि त्याच दिवसांत ते दुसरं सुरू झालं. धरणाच्या मधोमध आमच्या विहिरीवरच्या त्या कडुनिंबाचा वाळलेला शेंडा पाण्याबाहेर राहिला आहे. पाणकावळे पंख पसरून बसलेले असतात त्याच्यावर, वाळत घातलेल्या कपड्यांसारखे. तिथं जाळं टाकायला वल्हवत गेलेले लोक भर दुपारी जाळं तसंच टाकून परत आले. म्हणे खालून आवाज येतो. पुक, पुक, पुक. विहिरीवर इंजिन चालल्यासारखा. मी म्हटलं, उन्हानं डोकं फिरलं असेल. पण एक म्हणाला, दुसरा म्हणाला, मग कोणी त्या बाजूला जाईनासंच झालं. भाऊजींनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी माझी रवी घेतली आणि एकाला दटावून छोट्या डोंगीतून तिकडे गेले. काठावरून मी पाहत होते. ऊन डोक्यावर, वारा नाही, पाणी तेल ओतल्यासारखं सपाट. भाऊजी डोंगीत आडवे झाले, रवीचं बोंड पाण्यात बुडवलं, दांडा कानाला लावला. किती वेळ तरी. शेंड्यावरचे पाणकावळेसुद्धा हलले नाहीत. परत आले तेव्हा मी हसतच विचारलं, "काय म्हणते विहीर?" त्यांनी रवी माझ्या हातात दिली. ओली, गार. म्हणाले, "खाली चालू हाये."

त्याच दिवशी मी ताकाला नवी रवी आणली.

मार्गशीर्ष लागला, थंडी पडली आणि चेअरमननं सांगून टाकलं. पोरगा वाईट नव्हता, पण सोसायटी कुठवर थांबणार? "काका, उद्या भंगारवाल्याचा टेम्पो येऊन राह्यला. हे बुढं इंजिन काढू, नवं बसवू. तुमी मनाले लावून नका घेऊ." भाऊजी म्हणाले, "टेम्पो येईपर्यंत माहं हाये ना? मंग झालं." आणि सकाळी उजाडताच माझ्या दारात. स्वेटर उलटा घातलेला, डोळे लाल.

"वैनी, चाला."

"मी कायले? मले काय समजते इंजिनातलं?"

"तुमी होत्या त्या दिवशी. मी तं पाठ केली होती."

मग मला उमगलं. चार गावांना जो प्रश्न विचारला तो ह्या माणसानं स्वतःच्या इंजिनाबाबत अजून कोणालाच विचारला नव्हता. बंद कोणं केलं हे ठाऊकच होतं. कसं केलं, ते विचारायची छाती होत नव्हती. मी शाल गुंडाळली आणि निघाले.

पाण्यावर धुकं असं बसलं होतं की काठ कुठं संपतो ते कळेना. नाव तोंड चिखलात रुतवून उभी होती. मी आत जाऊन फळीवर बसले. भाऊजींनी रोजच्यासारखा मोठ्या विश्वासानं दोर सोडला. धुक्यात पलीकडचं काही दिसत नव्हतं, फक्त कडुनिंबाचा शेंडा दिसायचा आणि पुन्हा बुजायचा. "सांगा," ते म्हणाले, पण माझ्याकडे न पाहता, इंजिनावर हात फिरवत. "बंद कराचा खटका दाबला काय तिनं? का वॉल उचलला?"

"नाई भाऊजी. खटक्याकडे तिचा हातच नाई गेला. ती इकडून वाकली, ह्या वाकड्या नळीकडून. अन् इंजिन असं बंद नाई झालं, जसं तुमी बंद करता. त्याचा आवाज…" मी आपल्याच तोंडावर हात धरून दाखवला. "कोणाच्या तोंडावर हात ठेवावा ना, तसं गुदमरलं."

भाऊजींचा हात थांबला. कोणी शिकलेला असता तर तिथंच उमजला असता आणि नळी सोडवली असती. आमच्या भाऊजींना राग आला. कोणाचा, तिचा, माझा, धरणाचा, कोण जाणे. त्यांनी हँडल घातलं आणि असं फिरवलं की नाव डुलायला लागली. "उठा!" म्हणाले. आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी इंजिनाला एकेरीत हाक मारली, घरच्या बाईला मारावी तशी. "ऊठ ना वो!"

इंजिनानं हिसका दिला. हँडल त्यांच्या हातातून उडून तळाशी खणकन पडलं. मोठं चाक जरा थांबलं, थरथरलं, आणि उलटं फिरायला लागलं. पुक. पुक, पुक. चालू झालं बाई! पण मी खुळ्यासारखी पाहतच राहिले, कारण धूर निघायच्या नळीतून धूर येईना, तो येत होता हवा घ्यायच्या नळीतून. आत घेणारं तोंड बाहेर फुंकत होतं. आणि नाव चिखलातून सुळकन मागं सरकली. पुढं नाही, मागं. काठ धुक्यात विरघळला. सुकाणू कोणी धरलं नव्हतं. भाऊजी दोन्ही हात लोंबकळत सोडून उभे, मी फळीला घट्ट धरलेलं, आणि पाठमोरी नाव पाण्यावरून अशी निघाली जसं कोणी पदर धरून मागं ओढून नेतंय. मी वळून पाहिलं. धुक्यातून कडुनिंबाचा शेंडा आमच्याकडेच येत होता. पाणकावळे एकदम उडाले.

"भाऊजी, बंद करा!"

"नाई करत." तेच शब्द. तोच आवाज.

"अवो, उलटं फिरून राह्यलं ते!"

"माह्यत हाये. उलटं फिरलं तं ऑइल वर चढत नाई. कोरडं जळून जाईन." आणि तरी उभेच. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, बायकोच्या मरणाला आलं नव्हतं ते. "तिनं चालू केलं वैनी. मी कसं बंद करू?"

तेवढ्यात त्या वाकड्या नळीनं ठसका दिला. खोकल्यासारखा. पुन्हा एक. आणि धुराबरोबर काही तरी भस्सकन उडून भाऊजींच्या छातीवर आदळलं, आणि त्यांच्या डोक्यावर, माझ्या मांडीवर, सगळ्या नावेत दाणे पडले. गरम, काळपट, काही फुलून लाही झालेले. तांदूळ. वरून अक्षता पडाव्या तसे. भाऊजींच्या पायाशी एक चिंधी धुमसत होती. मी उचलली. हिरवा खण होता. एका कोपऱ्याला जळायची राहिलेली गाठ, आणि तिच्यात हळकुंडाचा तुकडा.

मला त्या वाकलेल्या पाठीचा अर्थ आत्ता लागला. आमच्याकडे लेक सासरी निघाली की तिची ओटी भरल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत. घरातून इंजिन निघालं होतं. तिनं त्याची ओटी भरली होती.

भाऊजी खणाकडे पाहत राहिले. इंजिनाचा आवाज आता कोरडा, खरखरीत व्हायला लागला होता. त्यांनी हात पुढं केला, खटक्यावर ठेवला, क्षणभर तसाच. आणि दाबला.

पुक. पुक… पुक.

एवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नाही. बरोबर आमच्या विहिरीवर होतो आम्ही. शेंड्याची एक वाळकी काडी नावेला घासत होती. खाली ते काळं पाणी, आणि त्याच्याही खाली आमची विहीर, तिची पायरी, तिचा घागर ठेवायचा कोनाडा. आणि त्या शांततेत भाऊजी पाण्याकडे तोंड करून ओरडले, "अवो, अक्कल हाये काय तुले? तोंडात भरते काय कोणी ओटी? पदरात भरतात!"

आवाज धरणाच्या भिंतीवर आदळून परत आला. परत आलेला मला त्यांचा वाटला नाही, पण थंडी होती, मी म्हातारी. तिची बाजू घेणारं तिथं कोणी नव्हतं, म्हणून मीच म्हटलं, "भाऊजी, इंजिनाले पदर कुठं असते? तोंड दिसलं, तोंडात भरली."

ते फळीवर बसले आणि हसायला लागले. हसताहसता मघाचं रडणं पुन्हा सुरू झालं, आणि त्यातलं हसणं कोणतं, रडणं कोणतं ते मी बघितलं नाही. नंतर उठले, नाक स्वेटरला पुसलं, हँडल शोधलं. "चाला, उठा," इंजिनाला म्हणाले. पुन्हा अहो-जाहो. एका हँडलात उठलं. सरळ. मोकळ्या नळीनं अशी हवा ओढली की मलाच छाती भरून आल्यासारखं वाटलं. धूर निघाला तो आपल्या जागेतून, आणि त्याला रंगच नव्हता म्हणा ना.

काठावर टेम्पो उभा होता. धुक्यातून पुक-पुक आवाज येतोय आणि नाव दिसत नाही म्हटल्यावर भंगारवाला टेम्पोत चढून काच लावून बसला होता, चेअरमन हनुमानाचं नाव घेत होता. नाव चिखलात शिरली तेव्हा त्यानं आधी आमचे पाय पाहिले, सरळ आहेत का उलटे. मग म्हणाला, "काका, काय बिघाड होता?" भाऊजींनी खण घडी करून खिशात घातला. "काई नाई बे," म्हणाले. "बिदाई व्हायची राह्यली होती."

टेम्पो रिकामा गेला. आता भाऊजीच नाव चालवतात. सगळे त्या शेंड्यापर्यंत जाळी टाकायला जातात. खालचा आवाज आता कोणाला येत नाही, आणि वरचा एवढा चालू असताना येणार तरी कसा? इंजिन चालू कोणीही करो, पण बंद करायचं म्हटलं तर भाऊजी दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. रोज संध्याकाळी काठाला लागायच्या आधी खटक्यावर हात ठेवतात, पाण्याकडे बघून हळूच म्हणतात, "करू काय बंद?" आणि जरा थांबतात. मग दाबतात.

परवा मी नावेत होते. न राहवून विचारलं, "भाऊजी, येते काय काही उत्तर?"

त्यांनी पाण्यावरची नजर काढली नाही. "वैनी," म्हणाले, "ती घरात होती तवा तरी पयल्या हाकेले कधी ओ देत होती?"

आणि खटक्यावरचा हात तसाच ठेवून अजून जरा थांबले.